छापील वेळ

शर्टावर नाव आहे डुएन.
मी डुएन नाही.
तो कामाला लागला आणि अकराव्या दिवशी निघून गेला,
धुलाईवाले अजून त्याचाच शर्ट पाठवतात,
आणि बसतो मला नेमका.

मायनॉट. सकाळचे सव्वासात. बाहेर उणे एकतीस.
रात्री आत घेतलेला ट्रक आता वितळतोय,
चासीला चिकटलेला महामार्ग थेंबथेंब सुटतोय
आणि प्रत्येक थेंबाला माझ्या कॉलरची वाट ठाऊक.
मीठ, वाळू, कुठल्याशा हरणाचा केस.
मी चाकांच्या फळीवर उताणी,
तोंड मिटून.
या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते एवढंच.

कागदावर केंड्राचं अक्षर:
'चढावर दम लागतो, असं ड्रायव्हर म्हणतो.'
मी लॅपटॉप जोडते.
लॅपटॉप म्हणतो, सगळं ठीक आहे.
फिल्टर बदलते, टर्बोचे पाइप चाचपते,
एक्झॉस्टची जाळी तापवून काजळी जाळते, चाळीस मिनिटं.
लॅपटॉप पुन्हा म्हणतो, सगळं ठीक आहे,
एखाद्या नवऱ्यासारखा.

कंपनीचं एक पुस्तक आहे.
त्यात प्रत्येक दुखण्याची वेळ छापलीय.
या दुखण्याला दोन पूर्णांक चार तास,
पैसे तेवढ्याचेच.
लिहिणाऱ्यासमोर नवा कोरा ट्रक असणार,
उन्हाळा असणार,
त्याचा एकही बोल्ट गंजलेला नसणार.
माझा एकच बोल्ट दीड तास खातो.
आधी तेल, मग ज्योत, मग शिव्या, मग परत तेल.
शेवटी तुटतो,
आणि तुटतो तोही आतल्या बाजूला.

ड्रायव्हर लेरॉय अ‍ॅझूर, बेलकोर्टचा.
रात्रीपासून बसलाय,
बूट काढून, मोजे हीटरवर.
दर तासाला काचेशी येतो, विचारत काही नाही,
कॉफीचा कप उंचावतो आणि जातो.
ट्रक उभा म्हणजे त्याचीही कमाई शून्य.
हे आम्ही एकमेकांना सांगत नाही.

साडेअकराला ऑरविल येतो.
सदतीस वर्षांत हवेच्या पान्यांनी त्याचे दोन्ही कान नेले;
जेवणाची सुट्टी झाली, हे तो इतरांच्या पाठी बघून ओळखतो.
लांबडा स्क्रू-ड्रायव्हर घेतो.
टोक चालत्या इंजिनावर,
मूठ दातांत.
डोळे मिटतो.
एक. दोन. तीन.
चौथ्या इंजेक्टरवर भुवई हलते.
पाचव्यावर जातो, परत चौथ्यावर येतो.
मूठ शर्टाला पुसून माझ्या हातात देतो.

मूठ कडू. डिझेल, जुनं प्लास्टिक, त्याची तंबाखू.
मी चावून धरते.
आधी नुसता थरार, जबड्यापासून कपाळापर्यंत,
दाढेत भरलेल्या चांदीत झिणझिण्या.
मग हळूहळू
पाच जण ठेक्यात
आणि एक जण
अर्धा श्वास उशिरा.

ऑरविल माझ्या तोंडाकडे बघत होता.
त्याला काही सांगावं लागलं नाही.

सहा तास दहा मिनिटं.
केंड्रा म्हणते, दोन पूर्णांक चारच लिहिता येतील, तुला माहीत आहे.
माहीत आहे.
हत्यारांच्या गाडीवाला गुरुवारी येतो,
टॉर्क रेंचचा हप्ता नव्वद डॉलर, तेही.

लेरॉय चढतो. मोजे अजून ओलेच असावेत.
काच खाली करून म्हणतो, 'आभारी आहे, डुएन.'
मी दुरुस्त करत नाही.
आज खूप दुरुस्त केलं.
शटर वर जातं, थंडी घुसते,
तो पहिल्या गिअरमध्ये निघतो, रिकामा चढ शोधत.

रात्री स्वयंपाकघरात फ्रिज घरघरतो.
मी उठते. दिवा लावत नाही.
लाकडी पळीचं एक टोक फ्रिजवर,
दुसरं दातांत.
काही नाही. ठीक आहे.
तरी थोडा वेळ तशीच उभी राहते.